जावाला हो म्हणू नये

आमच्या वरोऱ्यात समीक्षकांची टंचाई कधीच नव्हती. सकाळी आठ वाजता बसस्टँडजवळच्या टपरीवर उभे राहिलात तर पावसापासून पार्लमेंटपर्यंत कशाचेही परीक्षण एका कट चहाच्या दरात ऐकायला मिळते. त्यात आपली भर नको म्हणून मी आजवर गप्प होतो. शिवाय मी पडलो बी.कॉम. समीक्षक आणि आम्ही वाणिज्यवाले, दोघांचाही धंदा दुसऱ्याच्या चुका शोधायचा. फरक इतकाच, की आमच्याकडे चूक सापडली की घरी जायला मिळते.

पण बँकेच्या खिडकीत बसून गेली वीस वर्षे मी एक वाङ्मय इतक्या निष्ठेने वाचतो आहे, की आता त्यावर चार ओळी लिहिण्याचा मला हक्क आहे असे वाटू लागले आहे. हे वाङ्मय संगणकाच्या पडद्यावर, अगदी तळाशी, औषधाच्या बाटलीवरच्या अक्षरांइतक्या बारीक अक्षरांत छापलेले असते. त्याचा मतितार्थ असा: 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोरर ६ किंवा त्यापुढील आवृत्तीत, १०२४ गुणिले ७६८ या मापात सर्वोत्तम दिसेल.'

आता यातला 'सर्वोत्तम' हा शब्द पाहा. साध्या माणसाला वाटेल, की दुसऱ्या एखाद्या ब्राउझरात ते निदान उत्तम दिसेल, तिसऱ्यात बरे दिसेल. तसे काही नसते. दुसऱ्या ब्राउझरात ते मुळीच दिसत नाही. लग्नपत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' असे छापायचे आणि मांडवाच्या दारात उभे राहून फक्त निळा सदरा घातलेल्यांनाच पंगतीत बसू द्यायचे, असा हा प्रकार आहे. बरे, निळ्या सदऱ्याचे कापड बाजारातून बंद झाले तरी पत्रिका तीच.

ज्या वाचकांचा आणि ब्राउझरचा परिचय नाही (अशा भाग्यवंतांना माझा नमस्कार) त्यांच्यासाठी सांगतो. ब्राउझर म्हणजे पाने उघडून दाखवणारा गडी. पाने कोणाची का असेनात, कोणत्याही गड्याने उघडली तरी सारखीच दिसावीत, हीच तर या सगळ्या जाळ्यामागची मूळ कल्पना. ज्यांनी ते जाळे विणले त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९६ सालीच म्हणून ठेवले होते, की असली 'अमुक ब्राउझरमध्येच पाहा' ही चिठ्ठी पानावर चिकटवणाऱ्याला एका यंत्रावरचा कागद दुसऱ्या यंत्रावर वाचता न येण्याचे ते जुने वाईट दिवस परत हवेत असे दिसते. पण विहीर खणणाऱ्याचे ऐकून पाणी भरायची आपल्याकडे रीत नाही.

आमच्या बँकेचे एक पोर्टल आहे. बँकेचे नाव मी सांगणार नाही, कारण माझी एक वेतनवाढ अजून यायची आहे. हे पोर्टल मयत खातेदारांचे दावे निकाली काढण्यासाठी आहे. ते बनवले तेव्हा जगातले दहातले नऊ संगणक इंटरनेट एक्सप्लोररवर चालत. बनवणाऱ्याने आपल्या कचेरीतला संगणक पाहिला, शेजाऱ्याचा पाहिला, आणि सृष्टीचा अंत होईपर्यंत हेच चालणार असे गृहीत धरून काम संपवले. शिंप्याने एकाच गिऱ्हाइकाचे माप घेऊन गावाचे कपडे शिवावेत, तसे.

एवढ्यावरही भागले असते. पण दाव्याच्या मंजुरीला मॅनेजरसाहेबांची डिजिटल सही लागते आणि ती सही एका दांडीत असते. दिसायला पेन ड्राइव्हच. दांडी संगणकात खुपसली तरी ब्राउझर तिच्याशी बोलत नाही. मग त्याच्या मदतीला एक जोडगडी ठेवावा लागतो. त्याला प्लग-इन म्हणतात. यांच्यात घराणी आहेत. १९९६ साली आलेले अ‍ॅक्टिव्हएक्स हे एक, जावाचे ॲप्लेट हे दुसरे, आणि चित्रे नाचवणारे फ्लॅश हे तिसरे. हा जोडगडी मोठा कामाचा. दांडी वाचतो, प्रिंटर चालवतो, स्कॅनरला हाक मारतो. पण हे सगळे करायला त्याच्या हाती घराच्या किल्ल्या द्याव्या लागतात, आणि एकदा किल्ल्या बाहेरच्याच्या कमरेला गेल्या की चोर दारातून न येता त्याच्याच ओळखीने येऊ लागतात. तसे ते आलेही.

आमच्या पोर्टलला जावा लागायचा. त्यातही कोणताही जावा नाही, जुनाच. आणि जावाचा स्वभाव असा, की तो दर काही दिवसांनी पडद्याच्या कोपऱ्यात वाफाळत्या कपाचे चित्र घेऊन यायचा आणि अतिशय नम्रपणे विचारायचा, 'नवी आवृत्ती आली आहे, बसवू का?' हो म्हटले की पोर्टल बंद. म्हणून आमच्या चार नंबरच्या खिडकीतल्या मॉनिटरवर तांबड्या शाईत एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'जावाला हो म्हणू नये. आदेशावरून.' मराठी वाङ्मयात इतके थोडक्यात इतके मोठे तत्त्वज्ञान माझ्या तरी पाहण्यात नाही.

२०१४ च्या जानेवारीत आमच्याकडे एक नवा मुलगा लागला. संस्कारी घरातला. कोणी नम्रपणे विचारले तर नाही म्हणायचे नसते असे त्याला आईने शिकवले होते. तो हो म्हणाला.

त्या महिन्यात आलेल्या जावाच्या नव्या आवृत्तीने पाहुण्यांची तपासणी एकदम कडक केली होती. ज्या ॲप्लेटवर ओळखपाळख असलेल्याची सही-शिक्का नाही त्याला दारातूनच परत. आमच्या पोर्टलवर असा शिक्का नव्हता. म्हणजे आमच्याच बँकेच्या संगणकाने आमच्याच बँकेच्या पोर्टलला 'आपण कोण?' असे विचारले. मग वरून परिपत्रक आले, की जावाच्या नियंत्रण फलकात जाऊन 'अपवादांची यादी' उघडावी, तिच्यात पोर्टलचा पत्ता आपल्या हाताने लिहावा आणि जो धोक्याचा इशारा येईल तो वाचून 'चालेल' म्हणावे. मी परिपत्रक दोनदा वाचले. ओळखीचा एकही कागद नसलेल्या माणसाचे खाते 'हा आपलाच आहे' एवढ्या माझ्या शब्दावर मी उघडले असते तर दुसऱ्या दिवशी माझी चौकशी लागली असती. इथे चौकशी लावणाऱ्यांचाच तसा आदेश होता. मी 'चालेल' म्हटले. चालले.

पुढचा इतिहास सनावळीसारखा भराभर सांगतो. क्रोमने २०१५ च्या सप्टेंबरात या जुन्या जोडगड्यांना पुरते घराबाहेर काढले. फायरफॉक्सने २०१७ च्या मार्चमध्ये तेच केले; फक्त फ्लॅशला तेवढी काही काळ ओसरी दिली. फ्लॅशची मुदत २०२० च्या ३१ डिसेंबरला संपली. आणि खुद्द इंटरनेट एक्सप्लोररला १५ जून २०२२ रोजी निवृत्त करण्यात आले. निवृत्तीनंतरही काही जण कचेरीत येऊन बसतातच, तसा तो काही संगणकांवर बसून होता; शेवटी १४ फेब्रुवारी २०२३ ला, म्हणजे नेमक्या प्रेमिकांच्या दिवशी, त्याचे दार कायमचे लावले. त्या दिवशी फुले द्यावीत असे वाटणारा देशात मी एकटाच असेन.

परदेशात अशी मंडळी आहेत. दक्षिण कोरियात बँकेचे व्यवहार वर्षानुवर्षे अ‍ॅक्टिव्हएक्सशिवाय होत नसत, म्हणजे एक्सप्लोररला पर्यायच नव्हता. तो गेल्यावर तिथल्या ग्योंगजू शहरात एका इंजिनिअरने पदरचे चार लाख तीस हजार वोन खर्चून भावाच्या कॉफीच्या दुकानात त्याची समाधी उभारली. दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हे साधन चांगले होते, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर कोरला. दक्षिण आफ्रिकेच्या कर वसूल करणाऱ्या खात्याने तर कमाल केली. त्यांचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये होते. फ्लॅश मेला तेव्हा त्यांनी फॉर्म बदलण्याआधी, २०२१ च्या जानेवारीत, फ्लॅश जिवंत ठेवणारा स्वतःचा एक ब्राउझरच काढला. ही बातमी वाचल्यावर मला आमच्या मुख्यालयाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

यातली आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. प्रत्येक ब्राउझर पान मागताना आपले नाव सांगतो, आणि आजचा जवळजवळ प्रत्येक ब्राउझर आपले नाव 'मोझिला' असे सांगतो. नव्वदीच्या दशकात मोझिला हे नाव नेटस्केपचे होते आणि ते सांगणाऱ्यालाच कित्येक ठिकाणी चांगली पाने वाढत. म्हणून एक्सप्लोररनेही तेच नाव लावले. पुढे आलेल्यांनी आपल्याआधी ज्यांना ज्यांना आत घेत असत त्या सगळ्यांची नावे एकामागे एक जोडली. आज क्रोम दारात उभा राहून जे नाव सांगतो त्यात मोझिला आहे, ॲपल आहे, गेको आहे, सफारी आहे आणि जाता जाता क्रोमही आहे. एवढे खोटे नाव सांगून आमच्याकडे कोणी खाते उघडायला आला तर मी शिपायाला दार लावायला सांगेन. पण दोष ब्राउझरचा कसा म्हणावा? नाव विचारून पंगतीत बसवणारे जोवर आहेत तोवर नाव बदलून येणारेही असणारच.

असो. आता मूळ गोष्टीवर येतो.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या शाखेत नवे संगणक आले. आम्ही हार घातला, नारळ फोडला, चार नंबरच्या खिडकीवर हळदीकुंकू वाहिले. जुने संगणक पुरवठादाराचा माणूस टेम्पोत घालून घेऊन गेला, आणि त्याबरोबर ती तांबडी चिठ्ठीही गेली. नव्या संगणकात विंडोज ११. तिच्यात एक्सप्लोरर मुळातच नाही. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते, कारण त्या आठवड्यात गावातल्या आमच्या कोणा खातेदाराचे निधन झाले नव्हते.

जूनच्या सुरुवातीला शेगाव बुद्रुककडच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. नवरा चैत्रात गेलेला. खात्यात चाळीसेक हजार, वारस म्हणून नाव बाईंचेच. मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून आणलेले. असा बिनचूक दावा मी वर्षात दोनदा पाहत नाही. मी मोठ्या प्रेमाने पोर्टल उघडले. पांढरे पान. पुन्हा उघडले. पुन्हा पांढरे.

"मावशी, आज मशीन बंद आहे, सोमवारी या," मी म्हणालो.

सोमवारी त्या आल्या. त्या वर्षी पाऊस लांबला होता. बाई खुर्चीवर न टेकता उभ्यानेच म्हणाल्या, "पाऊसबी नाही अन् तुमची मशीनबी नाही. दोघायनं मिळून ठरवलं का जी?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. बियाणे घ्यायचे होते.

मधल्या दिवसांत मी काय केले ते सांगतो. मदत केंद्राला फोन केला. त्यांनी तक्रारीचा क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी क्रमांकाबद्दल विचारले, तर तक्रार 'ब्राउझर सुसंगत नसल्याने' बंद केली असे कळले. नवी तक्रार केली. दुसऱ्या एका शाखेत जुना संगणक अजून जिवंत आहे असे कळले. पण दावा भरणारा एक आणि तपासून सही करणारा दुसरा, असा नियम. म्हणजे मी आणि मॅनेजरसाहेब दोघांनीही जायचे, आणि त्या दिवशी वरोऱ्याच्या शाखेत कोण बसणार? शिपाई म्हणाला, "मी बसतो." त्याच्या आवाजात इतकी उत्सुकता होती की साहेबांनी बेत रद्द केला.

तिसऱ्या खेपेला बाई आल्या तेव्हा मी त्यांना सगळे समजावून सांगितले. ब्राउझर, जोडगडी, दांडी, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "पैसे माह्या मानसाचे. वही हे घ्या. कागद तुमीच तपासले, बरोबर हाय म्हने. मंग नाही कोन म्हनते जी?"

मी बी.कॉम. आहे. वीस वर्षे नोकरी झाली आहे. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मॅनेजर नाही म्हणत नव्हते, मुख्यालय नाही म्हणत नव्हते, रिझर्व्ह बँक नाही म्हणत नव्हती. ब्राउझर बनवणाऱ्याने किल्ल्या काढून घेतल्या त्यात त्याचे तरी काय चुकले? आपल्याच बँकेत असा किल्लीवाला भाडेकरू असता तर मीही त्याला काढा म्हणालो असतो. आणि एक्सप्लोरर जाणार हे त्यांनी काही मध्यरात्री येऊन सांगितले नाही, वर्षभर आधी जाहीर केले होते.

मला विचाराल तर नाही म्हणणारा माणूस वीस वर्षांपूर्वी एका बैठकीत बसला होता. आमच्याकडे म्हशीसाठी कर्ज मागायला कोणी आला की आम्ही काय काय विचारतो ते पाहा. म्हैस कितव्या वेताची? दात किती? दूध किती? पशुवैद्याचा दाखला कुठे? कानात विम्याचा बिल्ला आहे का? उद्या मेली तर बिल्ला दाखवावा लागेल, नाहीतर दावा नाही. साठ-सत्तर हजारांच्या जनावरासाठी एवढी उलटतपासणी. आणि देशभरच्या शाखांनी वापरायचे पोर्टल विकत घेताना, हा ब्राउझर कितव्या वेताचा आहे, आणखी किती वर्षे दूध देईल, मेला तर पुढे काय, हे त्या टेबलाभोवती एकानेही विचारले नाही. सर्वांत कमी किमतीची निविदा पाहिली, चहा प्याले, उठले. त्या टेबलावर ना माझ्यासारखा खिडकीतला कारकून होता, ना खिडकीपलीकडचे कोणी.

आमच्याच जिल्ह्यातल्या नागभीडची गोष्ट आठवते. नागपूरहून नागभीडला येणारी छोटी गाडी २ फूट ६ इंचांच्या रुळांवर चालायची. गोंदियाहून चांदा फोर्टला जाणारी लाइनही आधी तशीच छोटी होती. नव्वदीच्या दशकात ती मोठी झाली, ५ फूट ६ इंचांची. तेव्हापासून छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद होईपर्यंत, नागपूरहून येऊन पुढे चांद्याला जाणाऱ्याला नागभीडला उतरून गाडी बदलावी लागे. बोचकी, पोरे, कोंबड्या घेऊन लोक इकडून तिकडे पळत. गैरसोयच ती. पण रेल्वेने मध्ये फलाट तरी बांधला होता, आणि रूळ बदलले म्हणून 'आपला प्रवास सुसंगत नसल्याने बंद करण्यात आला आहे' असे कोणी म्हातारीला सांगितले नव्हते. आमच्या पोर्टलवाल्यांनी फलाट बांधला नाही.

फलाट शेवटी भलत्यानेच बांधलेला निघाला. नागपूरच्या कार्यालयातल्या एका मुलीने फोनवर सांगितले, की नव्या एज ब्राउझरच्या पोटात 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' म्हणून एक खोली आहे. सेटिंगमध्ये जायचे, परवानगी द्यायची, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा, आणि पोर्टलच्या पानाचा पत्ता जसाच्या तसा तिथे लिहायचा. एक तिरपी रेघ राहिली तर चालत नाही. माझी राहिली. त्यात अर्धा दिवस गेला. मग जुना जावा शोधून बसवला. दांडी खुपसली. पोर्टल उघडले, तेच निळे-करडे, तळाशी तेच बारीक अक्षरातले वाक्य घेऊन. मला भरून आले हे कबूल करतो.

बाईंचा दावा पहिल्या खेपेपासून मोजला तर एकविसाव्या दिवशी मंजूर झाला. पाऊस तीन दिवस आधी आला होता. पेरणी त्यांनी उधारीच्या बियाण्यावर केली, आणि कृषी केंद्रवाला उधारीला कोणता भाव लावतो हे वरोऱ्यातल्या कोणालाही विचारा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, म्हणून चार खेपांचा खर्च दोन खेपांइतकाच आला, एवढी जमेची बाजू मी माझ्यापुरती मांडून घेतली. पैसे मोजून घेतल्यावर त्यांनी वाकून माझ्या खिडकीतून आत पाहिले. संगणकावरचा हार वाळून तसाच लोंबत होता.

"हे नवीन होय का जी?" त्यांनी विचारले.

"हो. मागच्या महिन्यातच आला."

"जुनी कुठी हाय?"

"नेली."

"मंग जुनीच बरी होती म्हना," असे म्हणून त्या बस पकडायला गेल्या.

ती एक्सप्लोररची खोली निदान २०२९ पर्यंत उघडी राहील, असे ती बनवणाऱ्यांनी सांगितले आहे. मुख्यालयात नवे पोर्टल होणार असल्याचे आम्ही ऐकतो. त्यासाठी समिती नेमली आहे. मात्र त्या खोलीत आपल्या हाताने लिहिलेला पत्ता तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो. सावकाराच्या चिठ्ठीसारखा तो मुदतीआधी पुन्हा लिहावा लागतो. विसरले की पुन्हा पांढरे पान. म्हणून शाखेतल्या कॅलेंडरवर, संकष्टीच्या चंद्रोदयाशेजारी, मी दर महिन्याला तांबड्या शाईत एक गोल करून ठेवतो. बदलीवर आलेल्या नव्या मॅनेजरसाहेबांनी परवा विचारले, हे कसले व्रत? मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, आणि मॉनिटरवर मी नव्याने चिकटवलेल्या चिठ्ठीकडे बघत म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण काल त्या कपाच्या चित्राने काहीतरी विचारलं होतं. मी हो म्हटलं."